कुत्र्याचं नाव कोणत्या वहीत?

नांदुरा हे मुंबई–हावडा लोहमार्गावरचं गाव. १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारी जवळ आली की या मार्गावरच्या मोठ्या स्थानकांवर श्वानपथकं फिरताना दिसतात. एखादा लॅब्रॅडॉर बाकाखाली, कचरापेटीशी, पार्सलच्या ढिगात नाक खुपसत पुढे जातो. मागे साखळी धरलेला हँडलर असतो. प्रवासी दोन पावलं सरकून वाट देतात, पोरं ‘चावतो का?’ म्हणून विचारतात, तेवढ्यात गाडी येते आणि सगळे डब्याकडे धावतात. त्या कुत्र्याने काही शोधून काढलं नाही, तर आजचा दिवस चांगला गेला असं समजायचं. त्याच्या कामाचं यश दिसत नाही, त्यामुळे तोही कुणाच्या लक्षात राहत नाही.

रेल्वेचा, पोलिसांचा, केंद्रीय राखीव दलाचा आणि लष्कराचा कुत्रा ही एकाच घराण्याची लेकरं आहेत. हे घराणं लढाईत वाढलेलं आहे. त्याचा माग काढत गेलं की अडीच हजार वर्षं मागे जावं लागतं, आणि वाटेत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आडवी येते. कुत्र्याचं काम प्रत्येक काळात जवळपास तेच होतं: वास घे, राखण कर, धोका आधी ओळख. फरक पडला तो राज्यकर्त्यांनी त्याचं नाव कोणत्या वहीत लिहिलं यामुळे. कधी ते आंदणाच्या यादीत लिहिलं, कधी सनदेत, कधी भांडारातल्या सामानात, तर कधी राजपत्रात. जशी वही, तशी वागणूक.

आंदण, करमाफी आणि गस्त

वाल्मीकी रामायणात भरत आजोळाहून अयोध्येला निघतो, तेव्हा केकयराज अश्वपती नातवाला हत्ती, घोडे, गालिचे आणि सोनं देतो, आणि त्याबरोबर कुत्रेही देतो. राजवाड्यात वाढवलेले, वाघाच्या ताकदीचे, मोठ्या दाढांचे असं त्यांचं वर्णन आहे. केकय देश आजच्या पंजाबात येतो. त्याच मुलखात इ.स.पू. ३२६च्या सुमारास सोपीथेस नावाच्या राजाने अलेक्झांडरला १५० कुत्रे नजर केले, असं ग्रीक लेखकांनी नोंदवलं आहे. त्यांची परीक्षा म्हणून काही कुत्रे सिंहावर सोडले. त्यातल्या एकाचा पाय कापला तरी त्याने पकड सोडली नाही, हे सांगताना त्या लेखकांना कुत्र्याच्या शौर्याचं अप्रूप वाटलं. पाय कापणाऱ्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

त्याच्याही आधी, इ.स.पू. पाचव्या शतकात, हिरोडोटस बाबिलोनच्या इराणी सुभेदाराची हकिकत सांगतो. त्याने इतके हिंदुस्थानी कुत्रे पाळले होते, की त्यांच्या खाण्यासाठी चार मोठी गावं तोडून दिली होती. या गावांना बाकी सगळा कर माफ होता, त्यांनी फक्त कुत्र्यांचा खुराक पुरवायचा. झर्क्सीसने ग्रीसवर स्वारी केली तेव्हा त्याच्या फौजेबरोबर हिंदुस्थानी कुत्रे असल्याचंही तोच लिहितो. म्हणजे आपल्याकडचा कुत्रा परदेशी लष्करात नोकरीला लागला त्याला अडीच हजार वर्षं होत आली, आणि तिथे त्याच्या पोटाची तजवीज थेट महसुलातून झाली होती.

घरच्या शास्त्रकारांनी त्याला वेगळ्या कामाला लावलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गावांमधल्या मोकळ्या कुरणांचा आणि रानांचा बंदोबस्त सांगितला आहे. शिकाऱ्यांनी आणि कुत्रे बाळगणाऱ्या लोकांनी रानात फिरत राहावं, चोर किंवा शत्रू येताना दिसला की डोंगरावर नाहीतर झाडावर चढून शंख-नगारे वाजवावेत. सीमेवरची आजची श्वानगस्त याहून फार निराळी नाही. पण याच ग्रंथात हत्तींना अध्यक्ष आहे, घोड्यांना आहे, गाईंनाही आहे; कुत्र्यांना नाही. चतुरंग सेनेत हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ आलं. कुत्र्याला सैन्याचं अंग कोणी मानलं नाही. काम सरकारी आणि अस्तित्व खासगी, ही त्याची अडचण तेव्हापासूनची आहे.

दख्खनचा दगड आणि साताऱ्याची सनद

या अडचणीला दख्खनने दोनदा चांगलं उत्तर दिलं आहे.

पहिलं उत्तर दहाव्या शतकातलं. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण हा विदर्भाला परका नाही, त्याचा इ.स. ९४०चा ताम्रपट वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला सापडला. या कृष्णाने गंग राजा बूतुगाच्या साथीने इ.स. ९४९मध्ये तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला. लढाईत पराक्रम गाजवलेल्या मणलेर नावाच्या वीराला काय हवं ते मागायला सांगितलं, तर त्याने काळी नावाची कुत्री मागितली. पुढे ही काळी एका मोठ्या रानडुकराशी झुंजली आणि दोघेही ठार झाले. तिच्या स्मरणार्थ कर्नाटकातल्या मंड्या भागात आतकूर इथे देवळासमोर दगड उभारला. झुंजीचं शिल्प कोरलं, खाली लेख कोरला आणि दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. पुजाऱ्याने पूजा न करता जेवण केलं तर त्याला पाप लागेल, असंही त्यात बजावलं आहे. आज हा दगड बंगळूरच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडे गावोगाव वीरगळ दिसतात, ते माणसांचे. कुत्र्याला तोच मान, तोही जमिनीच्या तजविजीसह, देणारा हा दगड म्हणूनच मोलाचा आहे.

दुसरं उत्तर साताऱ्याचं. छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचं नाव खंड्या. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला, त्याबद्दल महाराजांनी त्याच्या नावाने जहागिरीची सनद दिली आणि पालखीचा मान दिला, असं ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात नोंदवलं आहे. पोशाखाचा तोरा मिरवणारा एक सरदार भेटीला आला, तेव्हा महाराजांनी खंड्याला जरीची वस्त्रं आणि दागिने चढवून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, ही गोष्टही त्याचीच. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी खंड्याची समाधी दाखवतात. रायगडावरच्या वाघ्याच्या स्मारकावरून आजही वाद झडतात, कारण ते विसाव्या शतकात उभारलेलं आहे आणि त्या कथेला समकालीन कागदाचा आधार नाही असा आक्षेप आहे. खंड्याच्या मागे निदान इतिहासकाराची नोंद आहे, पण त्याचं नाव मोजक्याच लोकांना ठाऊक.

ही दोन्ही उदाहरणं राजाच्या मर्जीची आहेत. मराठी फौजेच्या दप्तरात घोड्याची मोजदाद होती, त्याला डाग होता, त्याच्या चंदीचा हिशोब होता. कुत्र्याच्या नशिबात मर्जी होती. राजा शाहूसारखा असेल तर पालखी, नसेल तर उकिरडा.

मुधोळचं घराणं

मर्जीचीच आणखी एक गोष्ट मराठी सरदारांच्या संस्थानातली. मुधोळ आज कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात आहे, संस्थान घोरपड्यांचं. या भागात बेडर लोकांकडे सडपातळ, लांब तोंडाचे, वाऱ्यासारखे पळणारे शिकारी कुत्रे होते. राजे मालोजीराव घोरपड्यांनी ते हेरले, त्यांची निपज जोपासली आणि इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याला जोडी भेट दिली. तिथूनच ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाल्याचं सांगतात. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे याच घराण्यातल्या कुत्र्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात, आणि अंगावर लांब केस असतील तर पश्मी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि या कुत्र्याचं पिढीजात कामच गेलं. तो शेताच्या राखणीपुरता उरला.

२०१६मध्ये मुधोळजवळच्या तिम्मापूर संशोधन केंद्रातली पिल्लं लष्कराच्या मीरतच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली, तेव्हा देशी कुत्र्याला पहिल्यांदाच ही दारं उघडली. इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड नाकाने काम करतात, मुधोळ मुळात डोळ्याने शिकार करतो. लांबवरची हालचाल टिपणं आणि झपाट्याने गाठणं हे त्याचं बलस्थान. जमिनीत पुरलेला सुरुंग हुंगून काढण्याचं चिकाटीचं काम त्याच्याकडून करून घ्यायचं तर मेहनत जास्त. ती घेतली की काय होतं तेही दिसलं आहे. सीमा सुरक्षा दलाच्या टेकनपूर केंद्रात तयार झालेल्या रिया या मुधोळ कुत्रीने २०२४मध्ये लखनौच्या अखिल भारतीय पोलीस स्पर्धेत परदेशी जातींना मागे टाकलं. उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या आपल्या पट्ट्यात याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. कुत्र्याला घाम फारसा येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही. दाट केसांचं परदेशी जनावर जिथे लवकर थकतं, तिथे दख्खनच्या मातीतलं जनावर जास्त वेळ उभं राहतं.

सामानाच्या यादीत

लढाया यंत्रांच्या झाल्या आणि कुत्रा राजाच्या मर्जीतून सुटून भांडारपालाच्या ताब्यात गेला. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडे आधीपासून शिकवलेले हजारो कुत्रे होते. जखमी सैनिक शोधणं, खंदकांतून निरोप पोचवणं, पहारा करणं ही त्यांची कामं. ब्रिटिशांना जाग उशिरा आली. १९१७मध्ये रिचर्डसन नावाच्या अधिकाऱ्याने शूबरीनेसला युद्धश्वानांची शाळा काढली आणि त्यासाठी लंडनच्या बेवारशी कुत्र्यांच्या आश्रमातूनही कुत्रे घेतले. या युद्धातून एक चांगली गोष्ट निघाली. विषारी वायूने आंधळे झालेल्या सैनिकांसाठी १९१६मध्ये जर्मनीतल्या ओल्डनबुर्गला वाटाड्या कुत्र्यांची शाळा सुरू झाली. अंधांना रस्ता दाखवणारा कुत्रा ही जगाला मिळालेली देणगी खंदकातली आहे.

दुसऱ्या महायुद्धाने दुसरं टोक दाखवलं. सोव्हिएत सैन्याने कुत्र्यांना रणगाड्याखाली अन्न शोधायची सवय लावली आणि मग त्यांच्या पाठीवर स्फोटकं बांधून त्यांना जर्मन रणगाड्यांवर सोडलं. गोंधळलेले काही कुत्रे आपल्याच लोकांकडे परत पळत आले. माणसाच्या हातून खायची सवय हाच तिथे स्फोटाचा खटका होता. युद्धात जनावरांवर झालेल्या अत्याचारांत याच्याइतका थंड डोक्याचा प्रकार दुसरा नसेल.

त्याच युद्धात नोंदवहीची ताकद दाखवणाऱ्या दोन कुत्र्यांच्या कथा आहेत. जूडी ही ब्रिटिश नौदलाची पॉइंटर कुत्री सुमात्रात जपान्यांच्या कैदेत सापडली. कैद्यांच्या छावणीत कुत्रं म्हणजे पहारेकऱ्यांची चेष्टा, नाहीतर जेवण. फ्रँक विल्यम्स या कैद्याने छावणीच्या कमांडंटला तिच्या पिल्लाचं आमिष दाखवून तिची रीतसर युद्धकैदी म्हणून नोंद करून घेतली. ८१-अ हा तिचा कैदी क्रमांक. दुसऱ्या महायुद्धात अधिकृत नोंद झालेलं हे एकमेव युद्धकैदी जनावर. वहीतल्या एका ओळीने तिचा जीव वाचवला. ब्रिटनमध्ये १९४३ पासून जनावरांसाठी डिकिन पदक देऊ लागले होते, ते तिला १९४६मध्ये मिळालं.

अमेरिकेच्या चिप्सची गोष्ट याच्या उलट. सिसिलीत त्याने मशीनगनच्या ठाण्यावर झडप घालून शत्रूच्या सैनिकांना शरण आणलं. त्याला सिल्व्हर स्टार आणि पर्पल हार्ट देण्यात आलं आणि नंतर काढूनही घेण्यात आलं, कारण पदक माणसांसाठी असतं आणि कुत्रा हे सरकारी सामान. तरी चिप्स नशीबवान, कारण त्या युद्धात घराघरांतून मागून आणलेले कुत्रे युद्धानंतर पुन्हा माणसाळवून मालकांकडे पाठवले गेले. व्हिएतनामच्या युद्धापर्यंत कुत्रे थेट सरकारी मालकीचे झाले होते. तिथे सुमारे चार हजार कुत्रे लढले आणि जेमतेम २०० परतले. उरलेल्यांना ‘जास्तीचं सामान’ म्हणून मारून टाकलं किंवा दक्षिण व्हिएतनामच्या सैन्याकडे सोपवलं. ज्यांचे प्राण त्या कुत्र्यांनी वाचवले ते हँडलर सैनिक पुढे अनेक वर्षं ही सल बाळगून जगले. त्यांच्या रेट्यातून २०००मध्ये निवृत्त श्वानांना दत्तक देण्याचा कायदा झाला. ज्या रॉबी नावाच्या कुत्र्यावरून त्याची चर्चा पेटली, त्याला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. प्रकृती ढासळल्यामुळे त्याला काही आठवड्यांतच मरण देण्यात आलं.

मीरतची शाळा

भारतीय लष्करात कुत्र्यांचं खातं म्हणजे रीमाउंट आणि पशुवैद्यकीय कोअर, आरव्हीसी. १७७९मध्ये घोड्यांच्या पैदाशीसाठी सुरू झालेल्या खात्याची ही वंशज. घोडे आणि खेचरांच्या या घरात कुत्रा शिरला तो १९५०च्या दशकाच्या अखेरीस. मीरतला त्याची शाळा सुरू झाली. आज लष्कराकडे कुत्र्यांच्या २५ पूर्ण आणि दोन अर्ध्या तुकड्या असल्याचं प्रसिद्ध झालं आहे. पूर्ण तुकडीत २४ कुत्रे असतात, अर्ध्या तुकडीत १२. माग काढणारा, पहारा देणारा, सुरुंग शोधणारा, स्फोटकं शोधणारा, हिमकड्याखाली गाडलेला माणूस शोधणारा, अंमली पदार्थ हुंगणारा आणि अतिरेकी लपलेल्या घरात सगळ्यांच्या आधी शिरणारा असे त्यांचे निरनिराळे धंदे.

शिकवण्याची रीत ऐकायला सोपी आहे. कुत्र्याला स्फोटकाच्या वासाचं प्रेम नसतं, त्याला चेंडू हवा असतो. विशिष्ट वास सापडला की चेंडू मिळतो एवढं त्याच्या मनात पक्कं बसवायचं. वास सापडला की त्याने भुंकायचं किंवा उकरायचं नाही, गप बसून राहायचं. उकरलं तर सुरुंग फुटेल. हे बसवायला किमान दहा महिने लागतात. कुत्रा आणि हँडलर यांची जोडी ठरलेली असते. खाऊ घालणं, खरारा, औषध आणि सराव सगळं एकाच माणसाच्या हातून होतं, आणि मोहिमेवर दोघे एकाच साखळीच्या दोन टोकांना असतात. सुरुंग फुटला तर तो दोघांसाठीही फुटतो.

मानसी नावाची लॅब्रॅडॉर आणि तिचा हँडलर, टेरिटोरियल आर्मीचे बशीर अहमद वार, ऑगस्ट २०१५मध्ये कुपवाड्याच्या तंगधार भागात घुसखोरांचा माग काढताना एकत्रच मारले गेले. मानसीचं नाव मरणोत्तर ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’च्या यादीत राजपत्रात आलं. त्यानंतर ही यादी वाढत गेली. ३० जुलै २०२२ रोजी बारामुल्लात घरात शिरलेला ॲक्सेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अनंतनागमध्ये दोन गोळ्या लागूनही अतिरेक्याला न सोडणारा आणि १३ ऑक्टोबरला श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात गेलेला झूम. १२ सप्टेंबर २०२३ रोजी राजौरीत हँडलरला वाचवताना पडलेली केंट. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी अखनूरला फँटम गेला, तेव्हा तो साडेचार वर्षांचाही नव्हता.

आपल्या अंगणात

महाराष्ट्राने या घराण्याची किंमत सगळ्यात आधी मुंबईत ओळखली. १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर पुण्याच्या शिवाजीनगरमधल्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातून तयार झालेल्या जंजीर या लॅब्रॅडॉरने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं शोधून दिली. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडाच्या कर्करोगाने तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला इतमामाने निरोप दिला. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघे बॉम्बशोधक पथकात होते. ताजमध्ये मॅक्सने आठ किलो आरडीएक्स आणि २५ हातबॉम्ब शोधले. निवृत्तीनंतर हे चौघे विरारच्या एका फार्मवर एकत्र राहिले आणि २०१६ या एकाच वर्षात एकामागून एक गेले. त्यांना हे म्हातारपण मिळालं ते एका खासगी प्राणिप्रेमी घरामुळे. सरकारी वहीत त्यासाठी रकाना नव्हता. २०२०मध्ये बीड पोलिसांनी ३००हून अधिक गुन्ह्यांत मदत केलेल्या रॉकीला मानवंदना दिली, तेव्हा पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला.

बुलढाणा जिल्ह्याला या विषयाची झळ थेट लागलेली आहे. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवाम्यात केंद्रीय राखीव दलाचे ४० जवान गेले, त्यात नांदुऱ्याच्या शेजारच्या मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड होते. त्यानंतर अडीच महिन्यांनी, १ मे रोजी गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि एक वाहनचालक मारले गेले. त्यातही आपल्या जिल्ह्यातले जवान होते. कुत्रा म्हणजे जादू नव्हे हे या दोन्ही घटनांत दिसतं. धावत्या ताफ्यात घुसणारी मोटार कुठलाच कुत्रा हुंगू शकत नाही, आणि घाईघाईत पाठवलेल्या गाडीपुढे रस्ता तपासायला कुत्रा चालवायचा तर तासांचा वेळ लागतो. पण जिथे तो वेळ दिला जातो, तिथे पायवाटेवरचा सुरुंग माणसाच्या पायाआधी कुत्र्याच्या नाकाला सापडतो. नाहीतर त्या पायवाटेवर कुत्राच मरतो. छत्तीसगडच्या बिजापुरात राखीव दलाचा क्रॅकर असाच गेला. त्या दिवशी सुखरूप परतलेल्या जवानांची गावं कोणती, हे कुठेच छापून येत नाही.

उतारवयाचा रकाना

आता सगळ्यात अवघड प्रश्न. लष्करी कुत्रा आठ ते दहा वर्षांचा झाला की त्याची नोकरी संपते. पुढे काय?

२०१५मध्ये माहितीच्या अधिकारात आलेल्या उत्तरातून कळलं, की सेवेला निरुपयोगी ठरलेल्या जनावरांना लष्कर दयामरण देत असे. बातमी फुटली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि केंद्र सरकारने धोरण बदलण्याचं आश्वासन दिलं. दयामरणाचं कारण म्हणून दोन गोष्टी पुढे येत होत्या: लष्करी तळांची ठिकाणं ओळखणारा कुत्रा बाहेर देणं धोक्याचं, आणि त्याची निगा परवडणारी नाही. पहिली भीती जगातल्या बऱ्याच सैन्यांनी तोवर बाजूला सारली होती. दुसरीत तथ्य आहे, पण त्याचा अर्थ एवढाच की खर्चाची तरतूद करावी. त्यानंतर निवृत्त कुत्रे दत्तक देणं सुरू झालं, मीरतला म्हाताऱ्या कुत्र्यांची सोय झाली, आणि २०१९मध्ये गृह मंत्रालयात पोलीस श्वानांसाठी स्वतंत्र के-९ कक्ष उघडला.

कायद्याचं वागणं अजून दुटप्पी आहे. प्राण्यांवरील क्रूरता रोखणारा १९६०चा कायदा करमणुकीसाठी जनावरं शिकवणाऱ्यांना नोंदणीची सक्ती करतो, पण लष्करी आणि पोलिसी कामासाठी दिलेल्या शिक्षणाला त्यातून सूट देतो. ही सूट समजण्यासारखी आहे. मात्र बाहेरच्या नोंदणीतून ज्याला सोडवलं, त्याची आतली नोंद तितकीच चोख ठेवायची जबाबदारी सूट देणाऱ्यावर येते. सेवेत असताना ती ठेवली जाते. डॉक्टर असतो, खुराक ठरलेला असतो. निवृत्तीच्या दिवशी वही मिटते.

आपल्या भागातला शेतकरी पोळ्याला बैलाची खांदेमळणी करतो, झूल घालतो, पुरणपोळी भरवतो. त्या शेतकऱ्याची खरी पारख पोळ्याच्या दिवशी होत नाही. बैल थकल्यावर त्याला गोठ्यात ठेवतो की बाजार दाखवतो, तिथे होते. सरकारचंही तसंच आहे. मेलेल्या कुत्र्यावर फुलं वाहणं, राजपत्रात नाव छापणं सोपं असतं, त्याला फारसा खर्च येत नाही. जगलेल्या कुत्र्याच्या सांधेदुखीला, मोतीबिंदूला आणि दिवसाच्या खाण्याला महिन्याच्या महिन्याला पैसे लागतात. आतकूरच्या दगडाचं मोठेपण त्यावरच्या शिल्पात आहेच, त्याहून जास्त ते त्यासाठी लावून दिलेल्या जमिनीत आहे. त्या राजवटीला कळलं होतं, की मानामागे तरतूद नसेल तर तो मान पोकळ असतो.

म्हणून मागणी साधी आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्हा श्वानपथकाच्या अंदाजपत्रकात निवृत्त कुत्र्यांसाठी स्वतंत्र शीर्ष असावं, आणि दत्तक घेणाऱ्या हँडलरला पहिला हक्क आणि औषधोपचाराचा खर्च मिळावा. लोकांनाही काम आहे. लष्कराचे निवृत्त कुत्रे सर्वसामान्य नागरिक दत्तक घेऊ शकतात, अर्ज मीरतच्या आरव्हीसी केंद्राकडे करायचा असतो. नांदुरा, मलकापूर, खामगाव या पट्ट्यात शेतावर घर असणारी, जनावरांची सवय असणारी आणि घरातला कोणी ना कोणी फौजेत असणारी कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांच्याइतकं योग्य घर या कुत्र्यांना शहरातल्या सदनिकेत मिळणार नाही. ज्यांना ते शक्य आहे त्यांनी अर्ज करावा, आणि ज्यांना शक्य नाही त्यांनी आपल्या आमदाराला जिल्ह्याच्या श्वानपथकातले निवृत्त कुत्रे आज कुठे आहेत एवढं तरी विचारावं.